सात नंबरचा कोणी एक

गेथिन प्रॉबर्टचं नाव मी फोडलं, असं समजणारी माणसं क्रॅगथॉर्पमध्ये अजून आहेत. त्याबद्दल मला कोणी वाईट बोलत नाही. उलट खाटकाच्या दुकानात रांग असली तर मला पुढे घेतात, बसमध्ये म्हातारे उठून जागा देतात. माझ्यामुळे क्लब वरच्या विभागात गेला, अशी त्यांची पक्की समजूत आहे. हे कौतुक मी सोळा वर्षं सोसतेय, आणि दर वेळी वाटतं की हातातली पिशवी समोरच्याच्या डोक्यात घालावी.

तेव्हा काय झालं ते एकदा नीट सांगते. ज्याला पटायचं त्याला पटेल.

१९७६चा हंगाम. त्या उन्हाळ्यात यॉर्कशरमध्ये पाऊस पडलाच नव्हता. ऑगस्टमध्ये पहिला सामना झाला तेव्हा बॅक लेनचं आमचं मैदान रस्त्यासारखं टणक होतं आणि पोरं चिखलाऐवजी रक्तानं माखून आत येत होती. चिखल धुवायला सोपा. रक्ताला आधी थंड पाणी, मग मीठ, मग मनगटातला जोर. क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या जर्सी मीच धूत असे, घरामागच्या धुण्याच्या खोलीत, दर सोमवारी. माझा नवरा क्लिफ सग्डन अकरा वर्षं क्रॅगथॉर्पकडून खेळला, तीनदा नाक मोडून घेतलं, आणि खेळणं सुटल्यावर त्यानं क्लबची बादली धरली. सामन्यात कोणी आडवा झाला की बादली आणि स्पंज घेऊन धावायचं, मानेवर गार पाणी पिळायचं आणि "ऊठ, काही झालेलं नाही" म्हणायचं. हाड मोडलेलं दिसत असलं तरी हेच म्हणायचं. आठवडाभर तो खाणीत राबायचा, पण काय करता म्हणून कोणी विचारलं तर खाणीचं नाव नाही, "क्रॅगथॉर्पला असतो" म्हणायचा. मी त्याला हसायची. मीही त्याच मातीतली होते, हे मात्र कबूल करते.

क्लबकडे चाचणीला येणारी पोरं आमच्या मागच्या खोलीत उतरत. त्यात वेल्समधून येणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिकडे पंधरा जणांची युनियन रग्बी, आणि खेळून पैसा घेणं म्हणजे धर्म बुडवणं. आमची तेरा जणांची लीग. आमच्यात खेळणाऱ्याला पैसे मिळतात आणि आम्हाला त्याची लाज नाही. पण युनियनच्या पोरानं आमच्याकडे एक सामना जरी खेळला आणि तिकडे कळलं, तर त्याला जन्मभराची बंदी. खेळणं तर संपलंच, आपल्या जुन्या क्लबच्या दारातही उभं राहायचं नाही. म्हणून अशा पोराला आम्ही तीन सामने नाव लपवून खेळवायचो. सामन्याच्या पत्रिकेत त्याच्या नंबरापुढे छापायचं 'कोणी एक'. तीन सामन्यांनंतर जमलं तर करारावर सही, नाही जमलं तर गुपचूप परत, आणि तो कधी आला होता हे जगात कोणाला ठाऊक नाही.

अख्ख्या गावाला ठाऊक असायचं, तो भाग वेगळा. पण गाव ब्र काढत नसे. आमच्या साप्ताहिकाचा बातमीदार दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. तो पोराशी तासभर गप्पा मारून जायचा आणि लिहायचा, 'सात नंबरचा कोणी एक बरा खेळला.' गावात तेवढी इज्जत होती.

गेथिन ऑक्टोबरात आला. तेव्हा आम्ही चौदा संघांत अकरावे होतो आणि वर फक्त पहिले चार जातात. बावीस वर्षांचा, बुटका, कान मोठे, बोलणं कमी. दारात उभा राहून त्यानं आधी बूट काढले, तेव्हाच मला आवडला. सात नंबर म्हणजे स्क्रमच्या मागून चेंडू उचलून वाटणारा. दोन्हीकडची दांडगी एकमेकांना भिडलेली असतात आणि हा मधून उंदरासारखा निसटतो. पहिल्या सामन्यात दहा मिनिटांतच माझ्या मागे बसलेला एक म्हातारा ओरडला, "अरे कोण्या एका, तुझ्या आईनं तुला साबण लावून जन्माला घातलंय का?" आम्ही तो सामना जिंकलो. दुसराही जिंकलो.

दुसऱ्या सामन्यानंतर दोन दिवसांनी दारावर उंची ओव्हरकोट घातलेला एक माणूस आला. गावात असला कोट फक्त दोघांकडे होता आणि हा त्यांतला नव्हता.

"इथं मिस्टर प्रॉबर्ट राहतात का?"

"इथं मी राहते, माझा नवरा राहतो आणि एक मांजर आहे," मी म्हटलं. "मांजराचं नाव विचारलं नाही कधी."

"वेल्सचा एक तरुण आहे म्हणे."

"मांजर असेल वेल्सचं. भाषा कळत नाही त्याची."

तो गेला. जिन्यावर गेथिन तोंडावर हात दाबून हसत होता. त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरात येऊन बसू लागला, बटाटे सोलून देऊ लागला. आम्हाला मूल नाही. जास्त सांगत नाही.

तिसऱ्या सामन्याच्या आधीचा गुरुवार. मी त्याला रस्सा घालून आमचं पुडिंग वाढलं, गोड नव्हे, पिठाचं भाजलेलं. त्यानं खाल्लं, ताट बाजूला केलं आणि म्हणाला, "मिसेस सग्डन, मी रविवारी खेळतो आणि सोमवारच्या गाडीनं घरी जातो."

"का रे? जेवण आवडत नाही?"

"जेवणामुळेच राहावंसं वाटतंय."

"मग खेळ आवडला नाही."

"खेळ आमच्यापेक्षा जास्त आवडला. हे आमच्या गावात बोलू नका, जीव घेतील." मग तो हसायचा थांबला. "माझे वडील आमच्या क्लबची व्यवस्था बघतात. इमारतीच्या किल्ल्या त्यांच्याकडे, दारावर तेच उभे असतात. मी इथं सही केली तर मला दारातून परत पाठवायचं काम त्यांचंच. दुसऱ्या कोणाचं नाही."

"आणि ते पाठवतील?"

"पाठवतील. नियमाचे पक्के आहेत. पाठवतील आणि मग त्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही. म्हणून मी नाही राहत." त्यानं ताट उचलून मोरीत ठेवलं. "क्लबला मी सामना झाल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर पोरांचं लक्ष उडेल. सध्या फक्त तुम्हाला सांगतोय."

"माझ्या पोटात राहील," मी म्हणाले.

पोटात राहील म्हणजे नवऱ्यालाही सांगायचं नाही, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चोवीस वर्षांच्या संसारात क्लिफला न सांगितलेली एकही गोष्ट माझ्याकडे नव्हती. तो मागच्या अंगणात बसून बुटांचे खिळे तपासत होता. मी वाळलेल्या जर्सी काढता काढता म्हटलं, "पोरगा सोमवारच्या गाडीनं चाललाय. बापाच्या जिवाला लागेल म्हणतो."

क्लिफचा हात थांबला. "नक्की?"

"नक्की. पण तो स्वतः सांगेपर्यंत तू काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलतोय," क्लिफ म्हणाला, आणि दुसरा बूट उचलला.

रविवारी सकाळी लंडनच्या एका मोठ्या पेपरात शेवटच्या पानावर सगळं छापून आलं. गेथिनचं नाव, गावाचं नाव, बापाचं नाव, बाप कुठं काय करतो ते. क्रॅगथॉर्पचा कोणी एक म्हणजे हाच, दोन सामने खेळलाय, तिसरा आज खेळणार आणि सोमवारच्या गाडीनं काही घडलंच नाही असं दाखवत घरी परतणार. मी ते वाचलं आणि त्या ओव्हरकोटवाल्याला अशा शिव्या दिल्या की शेजारीण खिडकीत आली. सोमवारच्या गाडीची ओळही मी वाचली. वाचली आणि पुढे गेले. माझ्याइतकी मूर्ख बाई यॉर्कशरमध्ये शोधून सापडायची नाही.

गेथिननं तो पेपर टेबलावर पसरून दोनदा वाचला. माझ्याकडे एकदा पाहिलं. दुपारी तो खेळला, आणि असा खेळला की पाहणाऱ्याला भीती वाटावी. परत जाण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. सोमवारी क्लबचे अध्यक्ष लॉकवुडसाहेब यांच्या ऑफिसात त्यानं सही केली. बंदीचं पत्र त्याच आठवड्यात आलं. तीन ओळींचं होतं.

सही केल्यावर तो आमच्याकडून सामान घेऊन कप्तानाच्या घरी राहायला गेला. कप्तान लेन मॉर्टन, दाराएवढा रुंद माणूस, दोन गल्ल्या सोडून राहायचा.

"का गेला?" मी क्लिफला विचारलं.

"सरावाला बरं पडतं. लेनबरोबर जाता येतं."

"मला काही बोलला नाही."

"पोरगं दुखावलंय, नोरा. थोडे दिवस जाऊ दे."

मी थोडे दिवस जाऊ दिले. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. रस्त्यात भेटला की टोपीला हात लावायचा, "कशा आहात मिसेस सग्डन" म्हणायचा आणि पुढे जायचा. ओळखीच्या डॉक्टरला विचारावं तसं. मला ते लागायचं. पण म्हटलं, त्याचं घर तुटलंय, त्यात माझ्या मानापमानाचं काय घेऊन बसलेय. सोमवारी त्याची सात नंबरची जर्सी मी सगळ्यांत शेवटी धुवायची, म्हणजे सावकाश धुता यावी.

आणि क्लब जिंकत सुटला. नाताळापर्यंत सातवे, फेब्रुवारीत पाचवे. लेन आणि त्याचे दांडगे पुढून ढकलायचे आणि मागून गेथिन चेंडू कुठं टाकेल ते त्यालाच माहीत. क्लिफ घरी येऊन टेबलावर मीठदाणी-मिरीदाणी मांडून मला त्याच्या चाली दाखवायचा. त्याच्या तोंडात दिवसभर 'पोरगा' आणि 'पोरगा'.

जानेवारीत मैदान गोठलं, सामना रद्द झाला, तेव्हा गेथिन दोन दिवस घरी जाऊन आला. तिथं काय झालं ते त्यानं क्लिफला सांगितलं आणि क्लिफनं मला. शनिवारी तो क्लबच्या दारापर्यंत गेला. बाप दारावर उभा होता. म्हणाला, "तुला नियम माहीत आहे, बाळा." गेथिन म्हणाला, "माहीत आहे, बाबा." मग आईनं दोन कप चहा बाहेर आणला आणि मायलेकांनी कुंपणाच्या भिंतीवर बसून प्यायला, थंडीत. बाप काचेतून बघत होता. एवढं सांगून क्लिफ उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. बराच वेळ आत आला नाही. मला वाटलं, किती लळा लागलाय याला पोराचा.

मे महिना उजाडला तेव्हा एकच सामना उरला होता. आम्ही पाचवे, स्केलबरो चौथे, आणि रविवारी स्केलबरोच आमच्या बॅक लेनच्या मैदानावर येणार होते. जिंकेल तो वर. क्रॅगथॉर्प बावीस वर्षं वर गेलं नव्हतं. गावात दुसरा विषय नव्हता. पाद्रीसुद्धा प्रार्थनेत आडून आडून बोलून गेला.

त्या बुधवारी मी आल्याचा केक केला आणि मनाशी म्हटलं, हंगाम संपत आला, हा अबोला पुरे. लेनच्या घरी गेले. दार गेथिननंच उघडलं. घरात तो एकटा होता. केक त्यानं घेतला नाही. दारातच उभा राहून तो माझ्याकडे बघत राहिला.

"मिसेस सग्डन, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही माझ्याशी इतकं चांगलं का वागता? मला ते कळत नाही. केलंत ते केलंत, मग आता केक कशाला?"

"मी काय केलं?"

"सोमवारच्या गाडीचं मी एकाच माणसाला सांगितलं होतं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आईलासुद्धा कळवलं नव्हतं. आणि ते पेपरात आलं."

सहा महिने हा पोरगा टोपीला हात लावून माझ्याशी बोलत होता, आणि सहा महिने त्याच्या मनात गुन्हेगार मी होते.

"मी पेपरवाल्याला सांगितलं नाही. देवाशपथ नाही."

"मग कोणाला सांगितलंत? कोणाला तरी सांगितलंच असेल. फक्त नाव सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

तो वाट बघत होता. खरोखर वाट बघत होता. त्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आणि नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते नाव माझ्या नवऱ्याचं होतं. मी क्लिफला विचारलंसुद्धा नव्हतं अजून, आणि परक्याच्या दारात उभं राहून त्याच्या गळ्यात हे कसं बांधू? आधी घरी विचारावं, मग काय ते बोलावं, असं मला वाटलं. आमच्या गल्लीत बायका असंच वागतात. आमच्या आयांनी आम्हाला हेच शिकवलं.

"कोणाला नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "बरं," म्हणाला आणि हळूच दार लावलं.

क्लिफ पाळी संपवून आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. अंगावरचा कोटही काढला नव्हता.

"सोमवारच्या गाडीचं तू कोणाला सांगितलंस?"

त्यानं नाकारलं नाही. एवढं श्रेय त्याला देते. तो खुर्चीवर बसला आणि हात मांडीवर ठेवले. "लॉकवुडसाहेबांनी त्या गुरुवारी रात्री क्लबात विचारलं, पोरगा राहतोय का. मी खरं ते सांगितलं."

"आणि पेपरला?"

"ते त्यांनी बघितलं."

"ते बघणार हे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं," क्लिफ म्हणाला. "तो गेला असता, नोरा. असा सात नंबर मी उभ्या जन्मात पाहिला नाही. अकरावे होतो आपण."

"त्याच्या बापानं त्याला दारातून परत पाठवलं."

"मला काय सांगतेस. मला झोप लागत नाही."

"आणि त्याला वाटतंय हे मी केलं."

क्लिफ वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. तेव्हा मला कळलं की यातही आणखी काहीतरी आहे. मी विचारलं, "त्याला असं वाटतंय हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्यानं मला त्याच रविवारी विचारलं होतं. सामन्याआधी, पट्ट्या बांधताना. म्हणाला, मी फक्त तुमच्या बायकोला सांगितलं होतं."

"तू काय म्हणालास?"

"नोरा—"

"काय म्हणालास, क्लिफ?"

"म्हटलं, बायका बोलतात."

मी पंचेचाळीस वर्षांची होते. बाप खाणीत गेला तेव्हा, दोन मुलं पोटातच गेली तेव्हा, मी उभी राहिले. त्या दिवशी मला मोरीचा काठ धरावा लागला. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मी ऐकून होते. तो कापणाऱ्याला आपण रोज सकाळी डबा भरून देतो, हे ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "आत्ता चल. लेनच्या घरी. आत्ता सांग त्याला."

क्लिफच्या डोळ्यांत पाणी आलं. "रविवारपर्यंत थांब. तुझ्या पाया पडतो. आज कळलं तर तो बूट फेकून देईल आणि जाईल, आणि त्याचं चुकलंही नसेल. पण लेनचा काय दोष? लेन पस्तिसाचा आहे, त्याला पुन्हा संधी नाही. सामना होऊ दे. मग मी सगळ्यांसमोर सांगतो. माझ्या तोंडानं सांगतो."

मी थांबले. क्लिफवर दया आली म्हणून थांबले, असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं सांगते, मलाही वर जायचं होतं. सोळा वर्षं मी त्या जर्सी धुतल्या होत्या.

रविवारी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा आम्ही आठ-दहा असे दोन गुणांनी मागे होतो आणि त्यांच्या रेषेजवळ स्क्रम पडला. गेथिननं चेंडू उचलला, सगळ्यांनी उजवीकडे बघितलं, कारण त्यानं स्वतः उजवीकडे बघितलं, आणि तो डावीकडून, दोघांच्या मांड्यांमधून, पोटावर घसरत रेषेपार गेला. त्याचे तीन गुण. अकरा-दहा. मी उडी मारली. शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले आणि पोराचं नाव घेऊन ओरडत राहिले, 'गेथिन, गेथिन'. ती उडी मी स्वतःला अजून माफ केलेली नाही.

सामन्यानंतर सगळे क्लबच्या बारमध्ये जमले. बाहेर लख्ख उजेड होता. लॉकवुडसाहेब खुर्चीवर चढून बोलले, लेन रडला, लोकांनी त्याला रडू दिलं. मी भिंतीशी उभी राहून क्लिफकडे बघत होते. तो टॉवेल गोळा करत होता. ते गोळा करून झाल्यावर रिकामे ग्लास गोळा करू लागला. ते त्याचं काम नव्हतं.

मग गेथिनला बोलायला लावलं. तो लाजला, म्हणाला, "मला बोलता येत नाही. यंदा मला घरी जाता आलं नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. पण इथं एक माणूस मला बापासारखा भेटला." आणि त्यानं क्लिफच्या खांद्यावर हात टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्लिफनं मान खाली घातली. मी मोजून दहा श्वास थांबले.

"क्लिफ, सांग," मी म्हणाले.

"काय सांगू?"

टाळ्या थांबल्या. "मी सांगते मग. गेथिन, त्या गुरुवारी मी फक्त माझ्या नवऱ्याला सांगितलं. त्यानं लॉकवुडसाहेबांना सांगितलं आणि साहेबांनी पेपरला. मी तुझं नाव फोडलं नाही."

लॉकवुडसाहेब आपल्या ग्लासात बघू लागले. गेथिनचा हात क्लिफच्या खांद्यावरच होता.

"बुधवारी मी तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, कोणाला नाही."

"खोटं बोलले. हा माझा नवरा आहे म्हणून खोटं बोलले."

गेथिननं क्लिफकडे पाहिलं. "क्लिफ, हे खरं आहे?"

क्लिफनं लेनकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, भिंतीवरच्या जुन्या संघांच्या फोटोंकडे पाहिलं. त्यातल्या सहा-सात फोटोंत तो स्वतः होता, नाक मोडण्याआधीचा आणि नंतरचा. माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही, पोरा," तो म्हणाला.

गेथिन माझ्याजवळ आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "मिसेस सग्डन, मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय," तो म्हणाला. "खरंच. पण त्याच्यावर ढकलू नका."

मागून एक बाई म्हणाली, "जाऊ दे गं नोरा, तू बोललीस म्हणून तर आज वर गेलो." सगळे हसले, सुटल्यासारखे हसले, आणि माझ्या हातात शेरीचा ग्लास आला. मी तो टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले.

क्लिफ माझ्या मागे फाटकापर्यंत धावत आला. त्याला धाप लागली होती. मी थांबले. वाटलं, निदान आता तरी खाली मान घालून काहीतरी बोलेल.

"तो गेला असता, नोरा," तो म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर तोही गेला असता आणि ही सगळी पोरंही. पुन्हा कोणी माझ्याशी बोललं नसतं." त्यानं माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, वारा होता म्हणून. "तू काय, तू घरचीच आहेस."

आणि हे तो प्रेमानं म्हणाला.